शनिवार-रविवारी सुट्टी घेणारा संगणक : सोलापुरातील एका घरगुती तक्रारीचा प्रकरण अभ्यास

संगणक आपोआप चालू होतो, ही तक्रार दुरुस्तीच्या व्यवसायात नवी नाही. मात्र तक्रारदाराने प्रत्येक वेळेची तारीखवार नोंद ठेवली आहे आणि ती रोजकीर्दीच्या शिस्तीने ठेवली आहे, असे माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आले. या प्रकरणाचा उलगडा झाला तो त्या वहीमुळे. मी स्वतः केलेल्या पहिल्या दुरुस्तीने तो झाला नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत दहा मिनिटांवर हे घर आहे. घरमालक अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस होते. त्या कारखान्यातील संगणकांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे ओळख जुनी आहे आणि मी त्यांना काका म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांनी दोन-तीन यंत्रमागधारकांचे हिशेब घरी बसून लिहायला घेतले आणि त्यासाठी एक वापरलेला संगणक विकत आणला. एका कार्यालयाने आपले जुने संगणक एकगठ्ठा विकले होते, त्यातला तो एक. यंत्र दणकट होते, त्यावर विंडोज १० होते, किंमतही परवडणारी होती. टेबल ज्या भिंतीला लावले होते तिच्या पलीकडे शेजाऱ्यांची आठ मागांची शेड आहे. त्या खोलीत मागांची खटखट इतकी अंगवळणी पडलेली आहे की माग थांबले म्हणजेच घरच्यांचे लक्ष जाते.

काकांचे म्हणणे साधे होते. रात्री संगणक रीतसर बंद करून झोपावे आणि सकाळी देवपूजा चाललेली असताना तो खोलीत सुरू झालेला असावा. कधी दुपारी, कधी संध्याकाळी हाच प्रकार. नळाला पाणी रात्री येते त्या दिवशी काकू उठतात, आणि दोनदा रात्री दोनच्या सुमारास त्यांना अंधाऱ्या खोलीत संगणकाचा पडदा उजळलेला दिसला. बँकेच्या खात्यातून ऑनलाइन पैसे गेल्याच्या बातम्या रोज वाचणाऱ्या घरात याचा अर्थ काय लावला जाईल ते उघड आहे. "कुणीतर लांबनं चालू करलालंय बघ," असे काकू मला म्हणाल्या. एका दुकानदाराने एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा वीजपुरवठा, बदलण्याचा सल्ला दिला होता. दुसऱ्याने विंडोज पुन्हा टाकायला सांगितले होते. दोघांनीही यंत्र पाहिले नव्हते.

पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगावी लागेल. आजचा संगणक बंद केला तरी तो पूर्ण बंद नसतो. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीच्या बाजूला एक मोठा लाल खटका होता आणि तो खाली केला की आतली वीज खरोखरच तुटत असे. काकांनाही कारखान्यातल्या पहिल्या संगणकाचा असा खटका आठवतो. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मांडणी आणली आणि चित्र बदलले. या मांडणीत समोरचे बटण वीज जोडत-तोडत नाही. ते मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य बोर्डावरच्या, दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडून फक्त निरोप देते. तो निरोप ऐकायला कोणीतरी जागे असावे लागते, म्हणून एसएमपीएसमधून जांभळ्या तारेवर ५ व्होल्टचा पुरवठा चोवीस तास चालू राहतो. बोर्डाने हिरवी तार शून्यावर ओढली की मुख्य पुरवठा सुरू होतो आणि पंखे फिरू लागतात. म्हणजे घर झोपलेले असले तरी दारावर राखणदार बसलेलाच असतो. त्याला हाक मारणारे एकटे बटणच नसते. बोर्डावरच्या घड्याळाचा गजर, कीबोर्ड, माउस, नेटवर्कची तार आणि गेलेली वीज परत येणे, यांपैकी कोणाचीही हाक त्याला चालते. कोणाची ऐकायची आणि कोणाची नाही, हे सेटिंगमध्ये ठरलेले असते.

त्याशिवाय बंद असण्याच्याही पायऱ्या आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या वीजव्यवस्थापनाच्या प्रमाणकात त्यांना क्रमांक दिलेले आहेत. एस३ म्हणजे झोप. यात उघडे काम रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत, तसेच राहते आणि थोडी वीज लागते. एस४ म्हणजे हायबरनेट, यात काम डिस्कवर उतरवून ठेवलेले असते. एस५ म्हणजे शट डाउन. घरात बोलताना आपण तिन्हींना "बंद केला" असेच म्हणतो. "आपोआप चालू झाला" हे वाक्य ऐकल्यावर पहिला प्रश्न कोणी चालू केला हा नसून तो कोणत्या पायरीवरून उठला हा असायला हवा. मी हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला नाही.

पहिली भेट आणि घाईचा निष्कर्ष

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी मी गेलो. वही समोर आली, पण ती मी नुसती चाळली. त्याच दरम्यान काकूंनी मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी भिंतीवरच्या बोर्डाचा खटका दाबला आणि दोन सेकंदांत संगणकाचा पंखा फिरू लागला. एवढे डोळ्यांसमोर घडल्यावर मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटली नाही. संगणक पुन्हा सुरू करून, सुरू होताना एफ२ दाबून मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सेटिंगच्या पानावर गेलो. तिथे वीजव्यवस्थापनाच्या गटात एसी रिकव्हरी नावाची सेटिंग होती आणि ती पॉवर ऑनवर ठेवलेली होती. वेगवेगळ्या बोर्डांवर हिचे नाव थोडे बदलते, कुठे रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस असते, पण काम एकच असते: गेलेली वीज परत आल्यावर संगणकाने काय करायचे ते ठरवणे. पॉवर ऑन म्हणजे आधी काहीही असो, वीज येताच चालू व्हायचे. लास्ट स्टेट म्हणजे वीज जाताना चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. पॉवर ऑफ म्हणजे कोणी बटण दाबेपर्यंत बंद राहायचे.

कार्यालयात पहिली सेटिंग सोयीची असते, कारण रात्री वीज जाऊन आली तरी सकाळी यंत्रे तयार मिळतात. सोलापुरातल्या घरात, जिथे उन्हाळ्यात वीज एकदा गेल्यावर येताना दोन-तीनदा ये-जा करते, तिथे ही सेटिंग नुकसान करते. संगणक उठतो, डिस्क तपासायला लागतो, तेवढ्यात पुन्हा वीज जाते. याच कारणाने मला अशा घरांत लास्ट स्टेटही पसंत नाही. मी पॉवर ऑफ निवडले, भिंतीवरचा खटका पाच वेळा खाली-वर करून दाखवला, संगणक पाचही वेळा गप्प राहिला. चहा झाला, पैसे घेतले, निघालो.

सोमवारी सकाळी ८:४१ ला काकांचा फोन आला. "चालू झालाय. वीज गेलेली नाही. मी समोर बसलेलो आहे."

त्या संध्याकाळी पुन्हा गेलो. आता संशय समोरच्या बटणावर होता. मागांच्या शेजारच्या घरात सुताचा बारीक भुसा सगळीकडे जातो, आणि संगणकाची बाजूची पत्रा-झडप उघडली तेव्हा तो पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकरीसारखा जमलेला होता. बटणाचे प्लॅस्टिक अडकून राहणे किंवा आतला छोटा स्विच खराब होऊन पिना आपोआप जुळणे हे दोष खरेच आढळतात. म्हणून सगळे साफ करून मी बटणाची दोन तारांची जोडणी बोर्डावरून काढून ठेवली. आता बटण कितीही दाबले तरी निरोप पोहोचणार नव्हता. चालू करायचे झाल्यास त्या दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवायचे, हे काकांना करून दाखवले. मल्टिमीटरने जांभळ्या तारेवरचा दाबही पाहिला. तो ५.०४ व्होल्ट होता. या तारेला पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ४.७५ ते ५.२५ पर्यंत. एसएमपीएसवरचा संशय तिथेच मिटला आणि काकांचे त्या दुकानदाराकडे जाणारे पैसे वाचले.

मंगळवारी सकाळी ८:४० ला संगणक चालू झाला. बुधवारीही झाला. पेचकस वापरण्याची वेळ काकांवर आलीच नाही.

वही

बुधवारी संध्याकाळी मी वही नीट वाचायला बसलो. लाल बासनाची, आडव्या पानांची, कारखान्यात वापरतात तशी वही. मार्चच्या सुरुवातीपासून सहा आठवड्यांच्या ३४ नोंदी होत्या. डावीकडे तारीख, मग वेळ, मग "पाहिले कोणी" असा रकाना, त्यात "स्वतः", "सौ.", "नातू". उजवीकडे शेरा. शेऱ्यात काकांनी मतप्रदर्शन जवळजवळ केलेले नव्हते. "रात्री ९:५० ला बंद केला होता", "टॉवेल झाकलेला होता", "आवाज नाही, नुसता पडदा", अशा ओळी होत्या. अनुभवी हिशेबनीस जमाखर्चाच्या पानावर आपला तर्क लिहीत नाही, हे या वहीत दिसत होते आणि त्याचाच पुढे उपयोग झाला.

नोंदी वेळेप्रमाणे पुन्हा मांडल्या. सोळा नोंदी सकाळी ८:४० ते ८:५० या दरम्यानच्या होत्या. आठ नोंदी दुपारी २:०० ते २:१० मधल्या होत्या. दोन रात्री दोनच्या होत्या, त्या दोन्ही काकूंच्या. सात नोंदी दिवसभरात कुठेही विखुरलेल्या होत्या. उरलेल्या एका नोंदीला वेळच नव्हती: "पुण्याहून परत आलो, चालू होता." एका तक्रारीच्या नावाखाली निदान चार वेगवेगळी खाती एकत्र लिहिली गेली होती, आणि मी त्यातले एक खाते बंद करून ताळेबंद जुळल्याचे जाहीर केले होते.

सकाळच्या सोळा नोंदींत तारखा होत्या, वार नव्हते. भिंतीवरची दिनदर्शिका काढून मी प्रत्येकीपुढे पेन्सिलीने वार लिहीत गेलो आणि आठवी-नववी नोंद होईपर्यंत काकांनी चष्मा वर केला. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, पुन्हा सोमवार. एकही शनिवार नाही, एकही रविवार नाही. गुढीपाडवा त्या वर्षी गुरुवारी आला होता. त्या सकाळी काकू गुढीला साखरेची गाठी बांधत असताना संगणक चालू झाल्याची नोंद होती. लांबून कोणी माणूस हे करत असता तर शनिवार-रविवार पाळून पाडव्याला मात्र कामावर आला नसता. हे काम स्थानिक सण ठाऊक नसलेल्या, पाच दिवसांचा आठवडा पाळणाऱ्या गजराचे होते.

सहा आठवड्यांत असे तीस वार येतात, मग नोंदी सोळाच का, हा प्रश्न काकांनीच विचारला, आणि ताळा जुळेपर्यंत ते मला उठू देणार नव्हते. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात कंटाळून ते रात्री भिंतीवरचा खटकाच बंद करत होते. तिथून वीज तुटली की जांभळ्या तारेवर काही उरत नाही, राखणदारही नसतो, आणि गजर वाजला तरी ऐकणारा कोणी नसतो. ते दहा वार गेले. चार दिवस ते मुलाकडे पुण्याला होते. दहा आणि चार चौदा, तीस वजा चौदा सोळा. ताळा जुळला. पुण्याहून आल्यावर तो चालू सापडला त्याचेही उत्तर मिळाले, कारण संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीत त्या सोमवारची सुरू होण्याची वेळ ८:४० हीच होती.

बायोसमध्ये पुन्हा गेलो. पहिल्या दिवशी ज्या गटातली एकच ओळ उघडून मी समाधान मानले होते, त्याच गटात दोन ओळी खाली ऑटो ऑन टाइम ही सेटिंग होती. निवड वीकडेज, वेळ ०८:४०. जुन्या कार्यालयातील कोणीतरी कर्मचारी येण्याआधी यंत्रे तयार असावीत म्हणून ती लावली असणार. कार्यालयाने संगणक विकला, डिस्क पुसली, विंडोज नव्याने टाकले गेले. पण बायोसच्या सेटिंग डिस्कवर नसतात, बोर्डावर असतात, त्यामुळे विंडोज दहा वेळा पुन्हा टाकले असते तरी हा गजर गेला नसता. मी तो डिसेबल केला आणि बटणाची काढलेली जोडणी परत लावली. वापरलेला कार्यालयीन संगणक घरी आणल्यावर बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंगवर परत नेणे हे पहिले काम असायला हवे, आणि विकणारा ते करून देत नाही. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून ठेवला की सगळे पुसले जाते असे अनेक जण सांगतात. पण बऱ्याच नव्या बोर्डांवर सेटिंग फ्लॅश मेमरीत राहतात आणि सेल काढल्याने फक्त घड्याळ चुकते.

रात्री खटका बंद करण्याच्या काकांच्या उपायाविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण तो घरोघरी केला जातो. सकाळचा त्रास त्याने थांबला खरा, पण विखुरलेल्या सात नोंदींपैकी चार त्यानेच जन्माला घातल्या होत्या. त्या पंधरवड्यात कोणीही, कशासाठीही भिंतीवरचा बोर्ड चालू केला की एसी रिकव्हरीप्रमाणे संगणक उठे आणि काका ते आपोआप म्हणून लिहीत. उरलेल्या तीन नोंदी खऱ्या वीज जाण्याच्या होत्या. काकांचा मात्र आग्रह होता की त्या वेळी वीज गेलीच नव्हती. घरात इन्व्हर्टर आहे. दिवे आणि पंखे त्यावर आहेत, संगणकाची जोडणी त्यावर नाही. दिवा न मिणमिणता वीज जाऊन आली तर घरच्यांना कळत नाही, संगणकाला कळते. शिवाय संगणक झोपेत असताना खटका बंद केला तर रॅममधले काम जाऊ शकते. शट डाउननंतर खटका बंद करण्याला माझा विरोध नाही. पण वीज पूर्ण तुटलेली असताना बोर्डावरचे घड्याळ त्या ३ व्होल्टच्या सेलवर चालते, तेव्हा तो सेल लवकर संपतो, एवढे धरून चालावे.

दुपारचे दोन

आता दुपारच्या आठ नोंदी. या आठही वेळी संगणक शट डाउन केलेला नव्हता. अकरावीतला नातू दुपारी जेवायच्या आधी थोडा वेळ संगणकावर बसतो आणि उठताना समोरचे बटण दाबतो. विंडोजमध्ये त्या बटणाचे काम स्लीप ठेवलेले होते. पडदा काळा होतो, पंखा थांबतो, तो समजतो बंद झाला. काकांच्या वहीत "कोणी पाहिले" होते, "कोणी आणि कसा बंद केला" नव्हते.

झोपेतून उठण्याची नोंद विंडोज ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदींत पॉवर-ट्रबलशूटर या नावाची १ क्रमांकाची नोंद पाहिली की झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि उठवणाऱ्याचे नाव मिळते. पॉवरसीएफजी या आज्ञेपुढे तिरपी रेघ आणि लास्टवेक असे लिहिले की शेवटच्या वेळी कोणी उठवले ते कळते. डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड असे लिहिले की उठवण्याची मुभा असलेल्या उपकरणांची यादी येते. शट डाउननंतर चालू झाला असेल तर या १ क्रमांकाच्या नोंदीचा भरवसा नसतो, म्हणून सकाळच्या सोळांसाठी ती निरुपयोगी होती. वीज तुटून पुन्हा सुरू झाला असेल तर कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद येते, पण वीज जाताना संगणक चालू किंवा झोपेत असेल तरच. काकांची वही आणि ही नोंदवही शेजारी ठेवून वाचणे हेच खरे काम होते.

दुपारच्या आठही नोंदींत उठवणारा एकच होता: माउस. खोलीत मात्र दोन वाजता कोणी नसे. काका वामकुक्षी घेत, काकू आत.

मी दुसऱ्या दिवशी पावणेदोनला जाऊन बसलो. शेजारची शेड एक ते दोन जेवणासाठी थांबते. खोली इतकी शांत होती की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. टेबलावर जाड काच आहे, तिच्याखाली देवांचे फोटो आणि जुनी व्हिजिटिंग कार्डे. काचेवर माउस होता, आणि त्याच्या शेजारी काकूंनी मला दिलेले पाण्याचे फुलपात्र. दोन वाजून तीन मिनिटांनी पलीकडे पहिला माग सुरू झाला, मग दुसरा, मग बाकीचे एकदम. फुलपात्रातल्या पाण्यावर बारीक गोल वलये उठली, काठाला लागून परत आली, आणि थांबेनात. टेबल भिंतीला टेकलेले होते. काही सेकंदांत संगणकाचा पंखा फिरला आणि पडदा उजळला. माउसला कोणी हात लावलेला नव्हता.

ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाची चित्रे सतत टिपून त्यांतला फरक मोजतो. काचेवर त्याची गफलत आधीच होत असते, त्यात काच थरथरली तर तो ते हलणे समजतो. झोपेतही यूएसबीला वीज मिळत असल्यामुळे त्याचा डोळा मिटलेला नसतो. खात्री करण्यासाठी पुढचे चार दिवस नातवाने ठरवून संगणक झोपवला: दोन दिवस माउस नेहमीसारखा, दोन दिवस उलटा ठेवून. सरळ असताना दोन्ही दुपारी संगणक उठला, उलटा असताना दोन्ही दुपारी उठला नाही. पाडव्याच्या दिवशी शेड बंद होती, आणि वहीत त्या दिवशी सकाळची नोंद असून दुपारची नव्हती, हेही मग पाहिले. दिवसभर माग चालू असताना हा त्रास का होत नव्हता, याचे उत्तर असे की तेव्हा संगणकावर कोणी ना कोणी काम करत असे. तो झोपे तो नेमका मागांच्या सुट्टीत, आणि सुट्टी संपली की मागच त्याला उठवत.

उपाय दोन मिनिटांचा होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर संगणकाला उठवण्याची परवानगी देणारी खूण काढली. कीबोर्डची ठेवली, कारण झोपेतून उठवायला काहीतरी हवे. टेबल भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले. नातवाला स्लीप आणि शट डाउन यांतला फरक सांगितला. तो त्याला आधीच माहीत होता, त्याने आजोबांना सांगितला नव्हता एवढेच.

रात्रीच्या दोन नोंदींवर फार लिहिण्यासारखे नाही. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात रात्री २ वाजता लावलेली असते आणि तिला झोपलेला संगणक उठवण्याची परवानगी असू शकते. त्या दोन्ही रात्री उठवणारा म्हणून टायमरचे नाव होते आणि पुढे नियोजित कामाचा उल्लेख होता. पॉवर ऑप्शन्समध्ये झोपेच्या खाली वेक टायमर्स डिसेबल केले, देखभालीच्या पानावरची उठवण्याची खूण काढली. अद्ययावत होण्याचे काम संगणक चालू असताना होतच असते.

काकूंच्या शंकेचे उत्तर वेगळे द्यावे लागले. नेटवर्कवरून संगणक चालू करता येतो हे खरे आहे. वेक ऑन लॅन या सोयीत एक ठरावीक संदेश पाठवतात, त्यात सहा वेळा एफएफ आणि नंतर त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट असतात. या यंत्रात ती सोय चालूच होती, कार्यालयीन यंत्रांत असतेच. पण ती तारेच्या जोडणीवर होती, आणि या घरात नेटवर्कची तार नाहीच. इंटरनेट मागे खोचलेल्या वाय-फायच्या छोट्या डोंगलवरून येते आणि उठवण्याची मुभा असलेल्या उपकरणांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. तरी मी ती सोय बंद केली आणि विषाणू तपासणीही पूर्ण चालवली. काही सापडले नाही. मी काकूंना सांगितले, तुम्हाला दिसले ते खरेच होते, त्यामागे माणूस नव्हता. त्या म्हणाल्या, बँकेचं मात्र आता फोनवरच करणार. त्यावर वाद घालण्याचे कारण नव्हते.

ईआरपी किंवा डीप स्लीप नावाची सेटिंग पहिल्याच दिवशी चालू केली असती तर हे सगळे करावे लागले नसते, असे माझा एक व्यवसायबंधू म्हणाला. युरोपीय नियमांनुसार बंद अवस्थेतला खर्च अर्ध्या वॉटच्या आत आणण्यासाठी ती आलेली आहे आणि तिने शट डाउननंतरचे बहुतेक राखणदार घरी पाठवले जातात. सकाळचा गजर कदाचित त्याने गप्प झाला असता. दुपारचा माउस आणि रात्रीचा टायमर झाले नसते, कारण ते झोपेतून उठवणारे होते. आणि मग उरलेल्या नोंदी कशाच्या हे शोधताना एक धागा कायमचा हरवला असता. ती सेटिंग मी शेवटी चालू केली, वीज वाचावी म्हणून. सतत एक वॉट जळत राहिला तरी वर्षाला पावणेनऊ युनिट होतात, हा हिशेब काकांनी तोंडी केला.

फास्ट स्टार्टअपही बंद केले, पण ते दोषी होते म्हणून नव्हे. विंडोज ८ पासून शट डाउन म्हटल्यावर संगणक गाभ्याचा भाग डिस्कवर उतरवून ठेवतो, म्हणजे अर्धा हायबरनेट करतो. पुढे पुन्हा काही उद्भवले तर बंद म्हणजे खरोखर बंद असे धरून चालता यावे, एवढ्यासाठी ते काढले. सुरू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो. काकांनी तोही मोजून लिहिला आहे.

त्यानंतरचे पाच आठवडे वहीत दोन रकाने वाढले: "कसा बंद केला" आणि "वीज गेली/आली". दुसऱ्या रकान्यासाठी काकांनी भिंतीवरच्या बोर्डावर इन्व्हर्टरवर नसलेला एक छोटा दिवा लावून घेतला. या पाच आठवड्यांत आपोआप चालू झाल्याची एकच नोंद आली, एका मंगळवारी सकाळी ११:२० ची. मी फोन ठेवून निघण्याच्या तयारीत असतानाच त्यांचा पुन्हा फोन आला, येऊ नकोस. काकू ओल्या फडक्याने संगणक पुसत होत्या आणि बोट बटणावर पडले होते. काकांनी ती नोंद खोडली नाही, शेऱ्यात "सौ., पुसताना" असे लिहून खाली दुहेरी रेघ मारली. वीज जाण्या-येण्याचा रकाना मात्र ते अजून भरतात, आणि मागच्या भेटीत त्याची तीन पाने झाली होती.